ऋषिऋण आणि अधिछात्रवृत्ती

पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती, जिला विद्यार्थी फेलोशिप म्हणतात, ही दान आहे की ऋणाची फेड, हा प्रश्न वरवर अर्थसंकल्पाचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. तैत्तिरीय संहितेने सांगितलेल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋण, म्हणजे पूर्वीच्या ज्ञानवंतांचे देणे, ब्रह्मचर्याने, अर्थात अध्ययनाने फिटते. विद्या पुढे चालवणे हीच त्याची परतफेड. मात्र त्या वचनात हे ऋण ब्राह्मणापुरते सांगितले आहे, आणि ज्यांना अध्ययनाचा अधिकारच नाकारला गेला त्यांचे देणे समाजाकडे निघते का, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

वऱ्हाडातल्या चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे चरित्र या ठिकाणी मोलाचे ठरते. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या, ब्राह्मणेतर शेतकरी घरातल्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने, म्हणजे बुद्धी हाच ज्याचा डोळा अशा पुरुषाने, शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यासाठी कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवले आणि कोणीतरी त्यांचे बोल उतरवून घेतले. त्यांच्या प्रज्ञेचे तेज याने तसूभरही उणे होत नाही, पण विद्वत्ता एकट्याच्या गुणवत्तेवर उभी राहते ही समजूत मात्र टिकत नाही.

असे साहाय्य मिळाले तर त्याची फेड कोणाला करायची, हे डॉ. आंबेडकरांच्या उदाहरणातून दिसते. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. अस्पृश्य म्हणून राहायला जागाही न मिळाल्याने १९१७ मध्ये त्यांना बडोदे सोडावे लागले. करार मोडला, ऋण मात्र साऱ्या देशाला फेडले गेले.

हे साहाय्य कोणाला आणि केव्हा द्यायचे, हा वाद आजही आहे. बौद्ध, मुस्लीम आदी अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली, कारण इतर योजनांशी ती दुबार होते असे केंद्र सरकारने सांगितले. धर्माच्या आधारे साहाय्य दिल्याने भेद वाढतो, हा आक्षेप गंभीर आहे; परंतु धर्म इथे फक्त पात्रता ठरवतो, संशोधनाचा विषय ठरवत नाही. त्या योजनेची खरी उणीव वेगळीच होती, ती पदव्युत्तर शिक्षणानंतर सुरू होई. चांदूर बाजारच्या मुलीने पुढे शिकायचे की नाही, हे तर बी.ए.च्या वर्षांतच घरात ठरून जाते. नेमका हाच टप्पा गाठणारी एक योजना अमेरिकेत आहे. १९३६च्या अखेरीस वर्ध्याला गांधीजींना भेटलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन मेज यांचे नाव पुढे ज्या अमेरिकी अधिछात्रवृत्तीला मिळाले, ती १९८८ पासून पदवीच्या दुसऱ्याच वर्षी विद्यार्थी निवडते, त्याला मार्गदर्शक प्राध्यापक व विद्यावेतन देते, आणि त्याने डॉक्टरेटची वाट धरली तर शिक्षणकर्जाचा काही भार उचलते. वऱ्हाडातील महाविद्यालयांत ऋषिऋणाची फेड सुरू व्हायची तर ती याच टप्प्यावर व्हायला हवी.