दलदलीतली वाट

सोळाव्या शतकात इटलीत राफाएल बोंबेल्ली नावाचा एक माणूस होता. विद्यापीठाची पायरी त्याने चढली नव्हती. एका स्थापत्यकाराच्या हाताखाली तो इंजिनिअरचं काम शिकला आणि टस्कनीतल्या व्हाल दि कियाना या मोठ्या दलदलीत, साचलेलं पाणी काढून जमीन कसण्याजोगी करायच्या कामावर लागला. मध्येच ते काम काही वर्षं बंद पडलं. हात रिकामे झाले, तेव्हा त्याने बीजगणिताचं पुस्तक लिहायला घेतलं.

कार्डानो या गणितज्ञाचं 'आर्स माग्ना' हे पुस्तक १५४५ साली निघालं होतं. घन समीकरण सोडवायचं सूत्र त्यात होतं. बहुपदीत क्षच्या जागी कोणती संख्या घातली की किंमत शून्य होते, हे एरवी चाचपडत शोधावं लागे. सूत्राने ती संख्या थेट हाती यायला हवी.

बोंबेल्लीने उदाहरण घेतलं : क्ष³ = १५क्ष + ४. म्हणजेच क्ष³ − १५क्ष − ४ शून्य कधी होईल? इथे उत्तर शोधायला सूत्रही लागत नाही. ४ घालून पाहा. ६४ वजा ६० वजा ४, उरलं शून्य. पण हेच आकडे सूत्रात भरले, की ४ मधून १२५ वजा करून वर्गमूळ काढायची वेळ येते. उणे १२१चं वर्गमूळ! अशी मुळं कार्डानोनेही पाहिली होती. दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० यावा, हे कोडं त्याने त्यांच्याच साहाय्याने सोडवलं, आणि बारकाईचं पण निरुपयोगी म्हणून तिथेच सोडलं.

बोंबेल्लीलाही अशा मुळांचा विचार बराच काळ भलताच वाटत होता. पण तो दलदलीत वावरलेला माणूस. मला या कथेत तेच फार मोलाचं वाटतं. पलीकडे गाव आहे हे ठाऊक असेल, तर पाय रुतला म्हणून असा माणूस माघारी वळत नाही. काठी टेकवून चिखल किती खोल आहे ते बघतो. ४ हे उत्तर खरं होतं. सूत्रही खरं होतं. मग मधलीच वाट खोटी कशी?

त्याने उणे एकच्या वर्गमुळाला कामापुरतं खरं मानलं आणि त्याचे नियम मांडले. ते स्वतःशीच गुणलं की उणे एक; म्हणून उणे १२१चं वर्गमूळ म्हणजे ११ वेळा ते मूळ. सूत्रात दोन घनमुळांची बेरीज होती. पहिलं घनमूळ होतं '२ अधिक ११ वेळा ते मूळ' याचं. बोंबेल्लीने ताडलं, की '२ अधिक ते मूळ' याचाच हा घन असणार. करून पाहू या : ८, मग १२ वेळा ते मूळ, मग उणे ६, मग उणे एक वेळा ते मूळ. ८तून ६ गेले, २ राहिले. १२तून १ गेला, ११ राहिले. जुळलं! दुसरं घनमूळही तसंच, फक्त चिन्ह उलटं : '२ वजा ते मूळ'. दोघांची बेरीज केली, तशी ती न पटणारी मुळं एकमेकांना छेदून गेली. राहिले २ आणि २.

१५७२ साली त्याचं पुस्तक छापून आलं आणि त्याच वर्षी तो गेला. उणे १२१ त्या पुस्तकात आहे, आणि त्यातून पार होऊन ४पर्यंत नेणारी वाटही आहे.