पहाऱ्याचा जाब

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर, मलकागंजच्या बाजूला, हिंदूराव इस्पितळ आहे. रिक्षावाल्यांच्या तोंडी ते नुसते ‘हिंदूराव’. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे. सर्जेरावांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. दिल्लीतल्या मराठी माणसाला जाता-येता ही पाटी दिसते, आणि बहुधा तो तिचा विचार करत नाही. मूळ बंगला विल्यम फ्रेझर या ईस्ट इंडिया कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याचा. २२ मार्च १८३५च्या रात्री फ्रेझर घरी परतत असताना वाटेत दबा धरून थांबलेल्या घोडेस्वाराने त्याला गोळी घातली. मागाहून बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७च्या उठावात, जून ते सप्टेंबर, इंग्रजांची रिजवरची मुख्य चौकी याच घरात होती. तिथल्या सिरमूर पलटणीच्या ४९० गुरख्यांपैकी ३२७ जण मेले किंवा जखमी झाले. पहारा म्हणजे काय हे या टेकडीला चांगलेच ठाऊक आहे. पण तो पहारा लष्करी होता. खाली दिसणारे सगळे शत्रूचे, एवढा एकच हिशेब त्याला पुरत होता.

टेकडीखालच्या वस्त्यांना तो हिशेब लावता येत नाही. मलकागंज, कमलानगर, जवाहरनगर, शक्तिनगर या भागात घरमालक खालच्या मजल्यावर राहतो, वर भाडेकरू. आणि विद्यापीठाचा नॉर्थ कॅम्पस जवळ असल्यामुळे घरोघरी ‘पीजी’, म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्या. देशभरातली पोरे दोन-तीन वर्षे राहतात आणि जातात. इस्पितळात दाखल झालेल्यांचे नातेवाईक चादरी अंथरून बाहेरच पडलेले असतात. भाजीची रेहडी, इस्त्रीवाला, ई-रिक्षा, कबाडीवाला, धुणेभांडी करणाऱ्या बाया. अशा वस्तीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, एखाद्या बाईच्या गळ्यातली साखळी ओढली गेली, की आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघटनेच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच ठराव येतो: पोलिसांच्या भरवशावर किती दिवस राहायचे, आपणच पाळ्या लावून गस्त घालू.

ठरावाला माझा विरोध नाही. शेजाऱ्याच्या घरावर लक्ष ठेवणे हे नागरिकपणाचे साधे काम आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. बेनेट, होलोवे आणि फॅरिंग्टन या अभ्यासकांनी २००८ साली अशा योजनांच्या पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा जिथे शेजारपहारा होता तिथे गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्यातल्या बहुतेक पाहण्या ब्रिटन-अमेरिकेतल्या, हे लक्षात ठेवावे. शिवाय अशा योजना रुजतात त्या बहुधा स्वतःच्या घरात राहणाऱ्या, मध्यमवर्गीय, मुळातच बऱ्यापैकी सुरक्षित वस्त्यांत. जिथे गरज जास्त तिथे त्या टिकत नाहीत. तरीही पहारा असावा. मला प्रश्न पडतो तो दुसराच: पहारा चुकला तर जाब कोण देणार?

आपल्याकडे या प्रश्नाला एकेकाळी रोखठोक उत्तर होते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात मराठी गावाच्या पहाऱ्याची रीत दिली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर पुढच्या गावाच्या हवाली करायचा, की जबाबदारी त्या गावाची. माग जिथे संपेल त्या गावाने नुकसान भरायचे. जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेले गावकीवर. ही भरपाई दरवेळी पुरी वसूल होत नसेलच. पण तत्त्व पक्के होते. ज्याच्या हातात पहारा, त्याच्या गळ्यात भरपाई. परक्याला उगाच झोडपून चोरीची भरपाई टळत नव्हती. माल किंवा माग दाखवावाच लागे.

आता या रीतीचे गोडवे गाण्याची सोय नाही. रात्रभर वेशीवर जागणारा माणूस बहुतेक ठिकाणी महार होता, आणि ज्या गावाची तो राखण करायचा त्या गावात त्याला घर नव्हते. हक्काच्या चार पेंढ्या आणि शिळी भाकरी यांच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या वेठ. त्याच वतनाच्या बेडीविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. दुसरीकडे घरोघरी राखणीला ठेवल्या जाणाऱ्या रामोशांकडे इंग्रजी अमलात गुन्हेगाराच्या नजरेनेच पाहिले गेले. राखणदारावरच संशय घेण्याची आपली सवय अशी जुनी आहे. म्हणून उत्तरदायित्व हवे म्हणताना ते सगळ्यांत खालच्या माणसाच्या माथी मारायचे नाही, एवढेही त्याच इतिहासातून घ्यायला हवे.

जाब विचारणाराच नसला म्हणजे काय होते, त्याची गोष्टही आपल्याच पुण्यातली. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्याला सकाळपर्यंत कोंडून ठेवायचे, अशी पेशवाईत पुण्याची शिस्त होती. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या लोकांनी काही तैलंगी ब्राह्मण पकडले. कोतवालाच्या बागेतली फळे तोडल्याचा आळ. परमुलखातली माणसे, ओळख द्यायला शहरात कोणी नाही. अरुंद जागेत कोंडली, आणि सकाळी त्यातली बरीचशी गुदमरून मेलेली निघाली. मग शहर खवळले आणि त्याने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम आपल्याला माहीत असतो तो नाना फडणविसांच्या राजकारणातले प्यादे म्हणून. मला त्यात पहाऱ्याची कथा जास्त दिसते. आधी पहारेकऱ्याने संशयावरून परक्यांना संपवले, मग जमावाने चौकशीवाचून पहारेकऱ्याला. दोन्ही वेळा पकडणारा, न्याय करणारा आणि शिक्षा देणारा एकच होता.

हे जुने झाले म्हणावे, तर १ जुलै २०१८ फार लांब नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी बाजाराच्या दिवशी आले होते. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी माणसे. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मरेपर्यंत मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथे तर अफवांमुळे गावकरी रात्रीची गस्तच घालत होते. या दोन्ही ठिकाणच्या लोकांना मारेकरी म्हणून जन्मलेले कोणी म्हणणार नाही. आपण गाव राखतो आहोत, असेच त्यांना वाटत असणार. भीती सोबतीला, हातात काठी, आणि सकाळी कुणाला उत्तर द्यायचे नाही. एवढ्या तीन गोष्टी जमल्या की पुढचे आपोआप घडते.

दिल्ली यातून सुटलेली नाही. मे २००१ मधला ‘काला बंदर’ अनेकांना आठवत असेल. गाझियाबादेत सुरू झालेली आवई पूर्व दिल्लीत पोचली. उकाड्याने गच्चीवर झोपलेल्या माणसांत कुणी ओरडले की सगळी आळी पळत सुटायची. काही जण जिन्यावरून, गच्चीवरून पडून दगावले. बंदर कुणालाच सापडला नाही. जानेवारी २०१४ मध्ये दक्षिण दिल्लीतल्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये रहिवाशांच्या तक्रारीवरून खुद्द दिल्लीचे कायदामंत्री मध्यरात्री माणसे घेऊन आफ्रिकी स्त्रियांच्या मागे गेले आणि पोलिसांनी विनावॉरंट छापा घालावा म्हणून अडून बसले. वस्तीला कोण नको आहे हे वस्तीने ठरवले होते. पुरावा नंतर बघू. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनफर्डला फेब्रुवारी २०१२ मध्ये शेजारपहाऱ्याच्या स्वयंसेवकाने सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घातली, तेव्हा तो मुलगा त्याच वसाहतीत पाहुणा म्हणून राहत होता. पोलिसांच्या फोनवरून स्वयंसेवकाला मागे जाऊ नका असे सुचवले होते. तो गेला. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला.

मलकागंजात आजही रात्री चौकीदार फिरतो. बहुधा नेपाळी किंवा गढवाली. काठीचा एक ठोका विजेच्या खांबावर, एक फाटकाच्या गजावर, मग लांब शिट्टी. नव्याने राहायला आलेला हमखास हसतो: हा तर चोराला कळवतोय की मी इकडे आहे, तू तिकडून जा. मलाही हा विनोद बरीच वर्षे पटत असे. पण शिट्टी चोरासाठी नसतेच. ती घरमालकांसाठी असते. महिन्याच्या सुरुवातीला चौकीदार वही घेऊन दारोदार पैसे मागायला येतो, तेव्हा ‘परवा रात्री आवाज आला नाही’ म्हणणारी एखादी आजी असतेच, आणि तिला उत्तर द्यावे लागते. रात्री झोपमोड करणारा तो आवाज म्हणजे त्याने रोज दिलेला हिशेब आहे. हौशी गस्तीच्या स्वयंसेवकाकडून असा हिशेब कुणी मागत नाही. तो फुकट काम करतो, म्हणून त्याला विचारायची चोरी.

कायद्याने मात्र त्याचे हात बरेच बांधले आहेत, हे गस्तीच्या बैठकीत क्वचितच सांगितले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणसाला कुणालाही अटक करता येते ती त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा समोरचा माणूस घोषित गुन्हेगार असेल तर. पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. ‘संशयास्पद फिरत होता’ एवढ्यावर कुणाला रोखून धरायचा, पिशवी उघडायला लावायचा, मोबाइल तपासायचा अधिकार स्वयंसेवकाला नाही. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून कुणाचा जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२)खाली जन्मठेप किंवा फाशी आहे. पाळी लागलेल्या प्रत्येकाच्या हातात टॉर्चबरोबर हे पानही द्यावे.

दुसरे उत्तर म्हणून कॅमेरे पुढे केले जातात. २०१८ साली दिल्ली सरकारने सुमारे १.४ लाख कॅमेऱ्यांची योजना मंजूर केली, पुढे आकडा वाढत गेला. जागा ठरवताना आरडब्ल्यूएंना विचारले गेले. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, त्याचा तपासाला उपयोग आहे. पण रात्री अकराला गल्लीत उभा असलेला मुलगा तिसऱ्या मजल्यावरच्या पीजीतला आहे आणि किल्ली विसरला आहे, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते कळते कोपऱ्यावरच्या अंडी-ऑम्लेटवाल्याला. त्याचा गाडा मध्यरात्रीपर्यंत उघडा, आणि त्याच्याकडे त्या मुलाची उधारी. कोणत्या घरात म्हातारे एकटे आहेत हे इस्त्रीवाल्याला ठाऊक. कोणत्या घराला आठवडाभर कुलूप आहे हे कामवालीला. वस्तीचे खरे डोळे हेच. दिल्ली पोलिसांनी ‘आंख और कान’ योजनेत रेहडी-पटरीवाले, रिक्षावाले, चौकीदार यांनाच धरले ते उगाच नाही. आणि शेजारपहाऱ्याची पहिली बैठक सुरू होते ती नेमकी याच लोकांच्या पडताळणीच्या यादीने! फाटक बसवून रेहडीवाल्याला आठनंतर बंदी घालायची, म्हणजे जागे डोळे बाहेर काढायचे आणि अंधारी गल्ली राखायला निवृत्त बँक मॅनेजरला उभे करायचे.

जमलेले उदाहरण भिवंडीत आहे. १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेल्या त्या गावात सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. प्रत्येक समितीत दोन्ही धर्मांची त्याच गल्लीतली माणसे, यंत्रमाग कामगारासकट. आणि जोडीला एक साधा पोलीस शिपाई. वरच्या साहेबांना भेटून फोटो काढणाऱ्या शांतता समित्या भिवंडीला नव्या नव्हत्या. नवे होते ते हे, की नळाच्या भांडणापासून नवरा-बायकोच्या मारामारीपर्यंतची तक्रार समितीपुढे येई आणि शिपायाला सगळे नावाने ओळखत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी त्यावर पुस्तकच लिहिले. खरी गोम बसण्याच्या जागेत होती: ज्याच्यावर संशय तो समोर नव्हे, शेजारी बसलेला.

हिंदूरावच्या आसपास हे करायचे तर आरडब्ल्यूएच्या सभासदत्वाला हात घालावा लागेल. आज बहुतेक ठिकाणी सभासद म्हणजे घरमालक. पीजीतल्या मिझो मुलीला, कामवालीला, कमलानगरच्या पटरीवाल्याला मत नाही, तेव्हा गस्तीच्या पाळीत किंवा तक्रारीच्या वहीत त्यांचे नाव येणार कसे? माझे म्हणणे असे की गस्तीची समिती आरडब्ल्यूएपासून वेगळी असावी. निम्म्या जागा भाडेकरूंना आणि गल्लीत रोजी कमावणाऱ्यांना, त्यात बायका भरपूर. बीट कॉन्स्टेबल दर बैठकीला हजर. रात्री कुणाला थांबवले, का, किती वेळ, हे वहीत लिहायचे, आणि थांबवलेल्याला ती वही बघता आली पाहिजे. उगाच त्रास झाला असेल तर समितीने वर्गणीतून भरपाई द्यायची, मग रक्कम पाचशे रुपये का असेना.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अशाने कोण स्वयंसेवक व्हायला तयार होईल? काही जण होणार नाहीत, हे खरे. ज्यांना फक्त थांबवण्याची हौस आहे ते वहीचे नाव काढताच गळतील, आणि पाळीपत्रकातल्या त्या रिकाम्या रकान्यात अंडीवाल्याचे नाव सहज बसेल. त्याचा गाडा नाहीतरी बारापर्यंत तिथेच असतो.