कूस बदलणे हीही इबादत

सूरह कहफच्या 18 व्या आयतीत गुहेत निद्रिस्त असलेल्या तरुणांचा उल्लेख आहे. अल्लाह त्यांची कूस उजवीकडे व डावीकडे बदलत असे. याविनाही त्यांचे रक्षण करण्यास तो समर्थ होता; तरीही त्याने साधनाचा मार्ग दाखविला.

बंधू-भगिनींनो, मय्यतला गुस्ल देताना माकडहाडावर, टाचांवर खोल जखमा दिसतात, तेव्हा मन हेलावते. त्या घरात प्रेमाची नव्हे, माहितीची उणीव असते. सतत दाब पडलेल्या जागी रक्त पोहोचत नाही आणि कातडी मरू लागते.

म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माता-पित्यांची कूस साधारणतः दर 2 तासांनी बदला. इशा ते फज्र हे अंतर मोठे आहे; घरच्यांनी रात्र वाटून घ्यावी. रुग्णाला ओढू नका, चादरीसह उचला. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. ओली कातडी त्वरित कोरडी करा. दाबूनही लाली न जाणारी जागा चोळू नका. तिच्यावरचा भार काढा व डॉक्टरांना दाखवा.

वृद्ध माता-पित्यांना ‘उफ’ही न म्हणण्याची आज्ञा आहे. त्यांच्या मुखातून वेदनेचा ‘उफ’ निघू नये म्हणून झटणे, हेही त्याच आज्ञेचे पालन होय.