तुझा माणूस कोण होता?

काल रात्री तू फोनवर पस्तीस मिनिटं बोललास. त्यातली तीस मिनिटं दुसऱ्यांबद्दल होती. रेफरी आंधळा, लाइनबॅकर झोपलेला, कोचने नीट सराव घेतला नाही, समोरचे जुनाट खेळ खेळतात, गुडघ्यावर येऊन आदळतात. मी ऐकून घेतलं. आता मी लिहितो आणि तू वाच. पत्रात मधे तोंड घालायची सोय नसते, तेच बरं.

तू पाठवलेला व्हिडिओ सकाळी चहा थंड होईपर्यंत पाहिला. बाकीचं जाऊ दे. चौथ्या क्वार्टरमधली ती एक खेळी मी अकरा वेळा पाहिली. बॉल स्नॅप झाला आणि तुझ्यासमोरचा धिप्पाड टॅकल तुला न शिवता आत निघून गेला, लाइनबॅकरच्या दिशेने. तुला वाट मोकळी. त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं: ‘चला, हा मला विसरला!’ अरे शहाण्या, विसरला कोण? तुला मोकळं सोडायचं हे त्यांनी आठवडाभर आधी फळ्यावर काढून ठेवलं होतं. डिफेन्सिव्ह एंडला कुणी हात लावत नाही, तेव्हा खूश व्हायचं नसतं रे, सावध व्हायचं असतं.

पुढचा सेकंदही बघ. क्वार्टरबॅकने बॉल फुलबॅकच्या पोटाशी नेला, पण हातातून सोडला नाही. त्याची नजर बॉलवर नव्हतीच. ती तुझ्या खांद्यांवर होती. तुझे खांदे आत, फुलबॅककडे वळले, तर बॉल काढून घ्यायचा आणि तू रिकाम्या केलेल्या जागेतून स्वतः बाहेर पळायचं. तुझे खांदे त्याच्याकडेच राहिले, तर बॉल फुलबॅकच्या पोटात सोडून द्यायचा. तू क्वार्टरबॅकवर झेपावलास. त्याने बॉल सोडला. फुलबॅक एकसष्ट यार्ड पळाला आणि टचडाउन झाला. तू क्वार्टरबॅकला मात्र झकास आडवा केलास, रिकाम्या हातांच्या माणसाला!

तुझं काम काय होतं? तूच सोमवारी मला सांगितलं होतंस: ‘मी फुलबॅक, लाइनबॅकर क्वार्टरबॅक, सेफ्टी पिच.’ ज्याला तू झोपलेला म्हणतोस तो लाइनबॅकर त्या खेळीत टॅकलला चुकवून बरोबर बाहेर, क्वार्टरबॅकच्या वाटेवर आला होता. म्हणजे क्वार्टरबॅकवर तुम्ही दोघं आणि फुलबॅकवर कुणी नाही.

त्याआधीच्या तीन क्वार्टरमध्ये तू फुलबॅकला चौदा वेळा पाडलंस. मी मोजलंय. त्यातल्या नऊ वेळा त्याच्याकडे बॉल नव्हता. आणि काल तू मला विचारलंस, ‘सर, बॉलच नसेल तर त्याला पाडून काय उपयोग?’ या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. नऊ वेळा त्याला बॉल का मिळाला नाही? तू तिथे होतास म्हणून. दारात कुत्रा बसलाय म्हणून चोर फिरकत नाही, आणि घरधनी म्हणतो, चोर तर येतच नाही, मग कुत्र्याला भाकरी कशाला? तुझी अक्कल नेमकी त्या घरधन्याची.

तुला गणित मी शिकवलं, तेव्हा यातली थोडी लाज माझीही आहे. म्हणून पुन्हा मांडतो. दोन्हीकडे अकरा. साध्या धावेच्या खेळीत क्वार्टरबॅक बॉल देऊन मोकळा होतो आणि बॉल घेतलेला गडी कुणाला अडवत नाही. उरले नऊ, त्यांनी अकरांना अडवायचं. म्हणजे तुमचे दोघे मोकळेच. ऑप्शनवाला, म्हणजे काल तुमच्यासमोर होता तसा संघ, त्या दोघांना अडवायचा नादच सोडतो. पहिल्याला फुलबॅक दाखवतो, दुसऱ्याला क्वार्टरबॅक आणि त्याच्या बाजूने चार-पाच यार्डांवर पळणारा स्लॉटबॅक दाखवतो. दुसरा क्वार्टरबॅकवर आला की बॉल बाहेर पिच होतो. तो पिचकडे सरकला की क्वार्टरबॅक स्वतः आत कापून जातो. आता बॉल हाताळणारे तिघे वजा कर. अडवायला आठ, अडवायचे नऊ. त्यातला एक म्हणजे पलीकडच्या टोकाचा कॉर्नरबॅक. तो धावत येईपर्यंत चेन हलवणारे पुढे निघालेले असतात. दोनाची तूट भरून निघाली की नाही? आणि एकाच गड्यावर तुम्ही दोघे धावलात, तर ती उलटी तुमच्याकडे आली. काल आली.

कबड्डीत तुझ्या आजोबांनी तुला काय शिकवलं होतं? सुट्टीत साताऱ्याला गेलास की अंगणात खेळायचास ना? कोपरारक्षक आधी झेपावला की साखळी तुटते आणि चढाईवाला त्याच फटीतून रेषेला हात लावून येतो. तिथे तू दम धरायचास. इथे सहा हजार लोक ओरडायला लागले आणि दम गेला.

आता तुझा ‘जुनाट’ हा शब्द घेऊ. जुनाट तर आहेच. १९४१ मध्ये मिझुरीच्या डॉन फरो यांनी स्प्लिट-टी ही ऑप्शनची रचना मांडली. ती सुचली बास्केटबॉलमधून. दोघे बॉल घेऊन एकट्यावर चालून येतात, तो ज्याच्याकडे जाईल त्याच्याऐवजी दुसऱ्याला पास. १९६८ मध्ये टेक्सासच्या एमरी बेलार्ड यांनी विशबोन काढली. पहिला सामना ह्यूस्टनशी २०-२० बरोबरीत सुटला, दुसरा टेक्सास टेककडून ३१-२२ असा हरले. मुख्य कोच डॅरेल रॉयल यांनी रचना गुंडाळली नाही. क्वार्टरबॅक बदलून जेम्स स्ट्रीटला आणला आणि पुढचे सलग ३० सामने टेक्सासने जिंकले. १९७१ मध्ये ओक्लाहोमाने याच विशबोनवर सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड धावून काढले. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाचा संघ पासिंगचा उस्ताद म्हणून आला होता. टॉम ऑस्बोर्न यांच्या नेब्रास्काने त्यांना ६२-२४ असं धुतलं. ५२४ यार्ड नुसते धावून, त्यातले १९९ एकट्या क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझरचे. तुला आवडणारा तो ‘मॉडर्न’ झोन रीड, ज्याची तू माझ्यासमोर ऐट मारतोस, तो तरी काय आहे? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ यांनी शॉटगनमध्ये उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला एंडला मोकळं सोडून वाचायला शिकवलं. एंडलाच, म्हणजे तुलाच. आजी तीच, लुगडं नवं.

‘त्यांना पास टाकता येत नाही’ असंही म्हणालास. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुमच्या सेफ्टीच्या डोक्यावरून जो टचडाउन झाला, तो काय चिठ्ठी टाकून झाला? वीस वेळा पिचकडे धावून धावून तो एकविसाव्या वेळी डोळे मिटून पुढे आला आणि मागे रिसीव्हर एकटाच. ऑप्शन खेळणाऱ्या जॉर्जिया टेककडून २००९ च्या हंगामात डेमेरियस थॉमसने ४६ झेलांत १,१५४ यार्ड काढले, झेलामागे पंचवीस. पास क्वचित येतो म्हणूनच तो एवढा लांब जातो. तुमचा सेफ्टी तुझाच धाकटा भाऊ शोभतो.

‘आम्ही त्यांच्यापेक्षा जड आहोत.’ हो, जेवणाच्या टेबलावर कळतं ते. आर्मी आणि नेव्ही या लष्करी कॉलेजांच्या पोरांना उद्या अधिकारी व्हायचं असतं, त्यांना तीनशे पौंडांचे डोंगर पोसून चालत नाही. म्हणून तर ते हा खेळ धरून बसले. समोरच्याला ढकलून हरवता येत नसेल, तर त्याला दोन गोष्टींतली एक निवडायला लावायची. सप्टेंबर २०१८ मध्ये आर्मी पाचव्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाच्या मैदानावर गेली. आर्मीच्या ८७ खेळ्या, ओक्लाहोमाच्या ४०. साठातली चव्वेचाळीस मिनिटं बॉल आर्मीकडे. त्या वर्षीचा हाइझमन विजेता कायलर मरे बाजूला बसून पाणी पीत होता. ओक्लाहोमा २८-२१ जिंकली, तीही ओव्हरटाइममध्ये, घाम पुसत. आणि २००४ च्या एमराल्ड बोलमध्ये नेव्हीने न्यू मेक्सिकोविरुद्ध एकाच ड्राइव्हमध्ये २६ खेळ्या खेळल्या, ९४ यार्ड, १४ मिनिटं २६ सेकंद. क्वार्टर असतो पंधरा मिनिटांचा! शेवटी मिळाला फक्त फील्ड गोल, तीन गुण. पण त्या चौदा मिनिटांत तुझ्यासारखा एंड किती वेळा रिकाम्या फुलबॅकला पाडून उठला असेल, याचा विचार कर. तू चौदा वेळांत कंटाळलास.

गुडघ्यांची तक्रार एका वाक्यात संपवतो. २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या बाहेर कमरेखाली ब्लॉक करायला कॉलेज फुटबॉलमध्ये मनाई आहे आणि आत तुला जे लागले ते नियमातले होते. हात खाली ठेव, पाय मागे झटक, उठ. त्या नियमाचा फटका खरं तर ऑप्शनवाल्यांनाच बसला. आर्मीने २०२३ मध्ये शॉटगनकडे मोर्चा वळवून पाहिला, पुढच्या वर्षी आपल्या जुन्या घरी परतली आणि १२ सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्सची विजेती झाली.

सराव कमी पडला, हे मात्र मी मान्य करतो. अख्खा हंगाम पासच्या मागे धावायचं आणि एका आठवड्यात हे शिकायचं, हे कठीणच. तुमची राखीव पोरं तो वेग सरावात दाखवू शकत नाहीत. ऑप्शनच्या पोटातली अर्धी ताकद तीच आहे. आयोवाला जानेवारी २०१० च्या ऑरेंज बोलआधी महिनाभर मिळाला. त्यांनी जॉर्जिया टेकला १५५ यार्डांत गुंडाळलं, २४-१४. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला, ठाऊक आहे? एड्रियन क्लेबॉर्न. डिफेन्सिव्ह एंड. पण महिना नव्हता ही सबब तू सांगू नकोस. तीन क्वार्टर तुला सगळं येत होतं. चौथ्यात तू विसरला नाहीस, तुला मोह झाला. न येणं मी माफ करतो, वर्गातही करत होतो. येत असून चुकवणाऱ्याला मी बाकावर उभा करत असे, हे तुला आठवत असेल.

बुधवारी रात्री आठला फोन कर. त्याआधी सामन्यातल्या त्यांच्या सगळ्या खेळ्या पुन्हा बघ आणि वहीत प्रत्येक खेळीपुढे एकच गोष्ट लिही: माझा माणूस कोण होता आणि मी त्याला पाडला का. बॉल कुणाकडे होता ते लिहायचं नाही. लिहिलेलं सापडलं तर पान फाडून पुन्हा करायला लावीन.

आणि आज रात्रीच्या आत त्या लाइनबॅकरला फोन लाव. त्याला सांग, ते एकसष्ट यार्ड त्याच्या खात्यातले नव्हते, तुझ्या होते.