खालचा रकाना

माझी नात तिसरीत आहे. तिच्या वर्गात फळ्याशेजारी एक ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवलेला असतो. बाई दर शनिवारी तो बदलतात. वरच्या अर्ध्यात लिहिलेलं असतं, 'या आठवड्यात आपण शिकलो'. खालच्या अर्ध्यात, 'येत्या आठवड्यात'. तिला आणायला गेलो की मी चष्मा लावून तो वाचतो. सवय जात नाही. मागल्या शनिवारी वर होतं : हातच्याची वजाबाकी, एक कविता पाठ, जोडाक्षरं, आठचा पाढा. खाली होतं : १७ सप्टेंबरची प्रभातफेरी. शनिवारी क्षेत्रभेट, पूर्णा रेल्वे स्टेशन. प्रत्येकानं तीन प्रश्न लिहून आणावेत.

वाटेत विचारलं, "काय शिकवलं गं आठवडाभर?"

"काही नाही."

हातचा, कविता, पाढा, सगळं त्या 'काही नाही'त जमा. मग विचारलं, "आणि येत्या शनिवारी काय आहे?" घर येईपर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली आणि बत्तीस वर्षं टाचण लिहिलं. घटक, उपघटक, उद्दिष्ट, साहित्य, आणि तळाशी मुख्याध्यापकांची सही. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते मला नेमकं ठाऊक असायचं, पण मुलांना ते कधी सांगितलं नाही. पुढचा धडा ही मास्तरच्या खिशातली वस्तू, वेळ आली की काढायची, असं वाटायचं. आधी सांगितलं तर पोरं पुस्तकात डोकावतील, मग शिकवायला काय उरलं? आज हे लिहितानासुद्धा थोडं ओशाळल्यासारखं होतं.

शासनानं २०२४च्या मार्चमध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांना 'आनंददायी शनिवार' लावून दिला, तेव्हा मी हसलो होतो. शनिवार आनंददायी, तर बाकीचे पाच दिवस कशाचे? पण या आठवड्यात घरात जे पाहिलं त्यावरून वाटतं, त्या शनिवारचं खरं काम रविवारीच सुरू होतं.

रविवारी सकाळी ती मला स्टेशनवर घेऊन गेली. मी तिला नेलं नाही, हे लक्षात घ्या. आमचं घर इतकं जवळ की रात्रीच्या गाडीचा भोंगा झोपेत मिसळून जातो, तरी ती फलाटावर अशी उभी राहिली की जणू पहिल्यांदाच आली. इथून तीन बाजूंना रूळ जातात : परभणीकडे, नांदेडकडे, आणि वसमत-हिंगोली-वाशीमवरून अकोल्याकडे. म्हणून जंक्शन. तिचा पहिला प्रश्न तिथंच जन्मला : "गाडीला कसं कळतं कोणत्या रुळावर जायचं?" मी सांध्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आबा, सांगू नका. मला शनिवारी विचारायचंय."

असा विद्यार्थी मला बत्तीस वर्षांत भेटला नाही. भेटला असेलही, मी त्याला उत्तर देऊन मोकळा झालो असेन.

सोमवारी गाड्यांचे नंबर आले. तपोवन एक्सप्रेस मुंबईहून नांदेडला येते ती १७६१७, परत जाते ती १७६१८. तिच्या वर्गाचं गणित अजून हजारापाशी घुटमळतंय, पण तिनं एकक, दशक, शतक, हजार अशी बोटं मोजत वरच्या घरापर्यंत जाऊन "सतरा हजार सहाशे सतरा" वाचलं. गाड्यांचे नंबर २०१०च्या डिसेंबरपर्यंत चार आकडी होते, तेव्हा पाच आकडी झाले. त्यातला हजारच्या घरातला ७ दक्षिण मध्य रेल्वेचा. हे मी न राहवून सांगितलंच. ती रागावली, पण वहीत लिहिताना प्रश्न बदलला : "गाडीला आमच्या वर्गापेक्षा मोठा नंबर कामून?"

मंगळवारी पुस्तक निघालं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढत आली आहे. आमच्या पोरांच्या हाती परभणीचं पडतं. मला ही कल्पना फार आवडते. गडचिरोलीच्या मुलानं आधी गडचिरोली वाचावी, आमच्यानं परभणी. त्यातल्या नकाशावर तिनं नदीवरून बोट फिरवलं. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन धरणांत विसावते आणि आमच्याच तालुक्यात कंठेश्वराजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीवरून बोट पुढं सरकलं आणि थांबलं. तिथं जिल्हा संपतो. तिची मावशी नांदेडला असते आणि नांदेड नकाशाच्या बाहेर. मी म्हणालो, रेल्वेच्या हिशेबात मात्र पूर्णा नांदेड विभागात येतं. तिनं पेन्सिल दाताखाली धरली.

"मग स्टेशन कुणाचं? परभणीचं का नांदेडचं?"

प्रश्न तिसरा. खरं तर कोटा संपला होता.

बुधवारी प्रभातफेरी झाली. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हैदराबाद संस्थान १९४८ साली या दिवशी भारतात आलं, हे तिला पाठ होतं. पाठ होतं एवढंच. संध्याकाळी मी सहज बोलून गेलो की तिचे पणजोबा निजामाच्या शाळेत उर्दूतून चार यत्ता शिकले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "तव्हा स्टेशनवरची पाटी कोणत्या अक्षरात होती?" भाषण, घोषणा, झेंडा यांनी जे केलं नाही ते शनिवारच्या क्षेत्रभेटीनं बुधवारीच करून टाकलं. चौथा प्रश्न तिनं समासात बारीक अक्षरात लिहिला, बाई रागावतील म्हणून.

गुरुवारी काहीच झालं नाही. ती खेळत होती.

माझ्या मनात मात्र जुनं स्टेशन फिरत राहिलं. २००८च्या सुमारास अकोल्याची लाईन रुंद झाली. त्याआधी काही वर्षं इथं मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत बसावं लागे. लहान गाडी कधी दोन तासांनी, कधी पहाटे. फलाटभर गाठोडी, पितळी डबे, झोपलेली लेकरं. त्या लोकांना हे स्टेशन जितकं माहीत होतं तितकं आम्हा गावातल्यांनाही नव्हतं. कोणत्या नळाला पाणी येतं, कुठल्या बाकावर ऊन लागत नाही, कोणता चहावाला उधार देतो. आता गाडी थोडा वेळ थांबते आणि खिडकीतला माणूस मोबाईलमधून वर न बघता पूर्णा ओलांडून जातो. सोय झाली, यात वाद नाही. हिंगोलीचा माणूस बोचकं उचलून धावत सुटायचा, ते काही बघवत नसे.

शुक्रवारी रात्री पाऊस लागला. पत्र्यावर असा आवाज की भोंगासुद्धा ऐकू आला नाही. शनिवारी सकाळची शाळा. ती रेनकोट घालून गेली आणि नेहमीच्या वेळी मी आणायला गेलो. वर्गातला कागद बदलला होता. वरच्या अर्ध्यात प्रभातफेरी, नऊचा पाढा, आपल्या जिल्ह्याचा नकाशा. खाली तीच ओळ, बाईंच्या त्याच वळणदार अक्षरात पुन्हा : शनिवारी क्षेत्रभेट, पूर्णा रेल्वे स्टेशन. तीन प्रश्न लिहून आणावेत.

मला वाटलं होतं ती रडवेली असेल. घरी येऊन तिनं ओलं दप्तर खुंटीला अडकवलं, वही काढली, समासातला चौथा प्रश्न खोडला आणि नव्या पानावर मोठ्या अक्षरात परत लिहिला. त्याच्याखाली ५ काढून ठेवला.

"काय लिहायलीस?"

"अजून नाही लिहिलं," ती म्हणाली. "पाऊस थांबला की जाऊ ना आबा, बघायला?"