अपराध्याचा सोबती, न्यायालयाचा डोळा

कायद्याची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या भालकी, औराद, बसवकल्याणकडील तरुणांस वकिलीच्या जोडीने आणखी एक वाट आता दिसू लागली आहे. वकिलीची पहिली पाच-सात वर्षे ज्येष्ठांच्या मागे फायली वाहण्यात आणि तारखा मागण्यात जातात. त्यापेक्षा जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात ‘विधि-सह-परिवीक्षा अधिकारी’ म्हणून, करारावर का होईना, लागावे असे काहींना वाटते. लोक या माणसास सरळ ‘प्रोबेशन ऑफिसर’ म्हणतात. वेतन बेताचे, अधिकार त्याहून बेताचे. परंतु केवळ उपजीविकेचे साधन म्हणून जो या कामात शिरतो, त्याला पहिल्या काही महिन्यांतच एक नैतिक पेच भेटतो. आणि परीक्षेसाठी पाठ केलेली कलमे तेथे फारशी कामास येत नाहीत. त्या पेचाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम कायदा. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने न्यायाधीशास असे सांगितले की, ज्या अपराधास मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, तेथे अपराध्यास तुरुंगात न धाडता जातमुचलक्यावर, अधिकाधिक तीन वर्षांसाठी, सद्वर्तनाच्या अटीने सोडता येईल. जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात एकवीस वर्षांखालील अपराध्यास तुरुंगात धाडावयाचे असेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि तत्पूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे चालते. 2015 च्या कायद्याप्रमाणे मूल प्रथम मंडळापुढे उभे केल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपास अहवाल सादर व्हावयास हवा. पंधरा दिवसांत एका मुलाचे सारे आयुष्य कागदावर आणावयाचे, हे काम या नवख्या अधिकाऱ्याचे.

अपराध्याची परिस्थिती पाहून दंड ठरवावा, ही कल्पना परदेशातून आलेली आहे, असे सुशिक्षितांत सरसकट मानले जाते. तीत थोडे तथ्य आहे. बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक जोडे शिवणारा कारागीर होता. 1841 साली त्याने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यप्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो माणूस इतका सुधारलेला दिसला की न्यायाधीशाने त्यास नाममात्र एक सेंट दंड केला. 1859 मध्ये ऑगस्टस वारला तोपर्यंत त्याने सुमारे दोन हजार माणसांसाठी असे पाठबळ उभे केले होते. त्याला ना पद होते ना पगार. परंतु ज्या बसवकल्याणच्या तरुणाविषयी आम्ही बोलत आहोत, त्याच्याच गावी, ते चालुक्यांची राजधानी असताना, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. ती ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आहे, त्या स्मृतीच्या राजधर्मप्रकरणात दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत: धिक्कार, वाणीने कानउघाडणी, धनदंड आणि शारीरिक दंड. लगोलग असेही म्हटले आहे की अपराध, स्थळ, काळ, अपराध्याचे बल, वय, व्यवसाय आणि वित्त हे सर्व जाणून मगच दंड करावा. 1958 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातील ‘समज देऊन सोडणे’ आणि ही वाणीची शिक्षा यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. आजच्या अहवालातील रकानेही थोड्याफार फरकाने तेच आहेत. स्मृतींत वर्णभेदाने दंडभेद सांगितला आहे, ही गोष्ट मात्र झाकून ठेवून त्यांची थोरवी गाऊ नये.

आता पेच. कायदा या अधिकाऱ्यावर दोन कामे एकदम सोपवितो. सोडलेल्या माणसास सल्ला द्यावा, साहाय्य करावे, जरूर तर काम मिळवून देण्याची खटपट करावी, हे एक. त्याच्यावर देखरेख ठेवावी आणि अट मोडल्यास न्यायालयास कळवावे, हे दुसरे. मुलगा विश्वासाने म्हणतो, “साहेब, परवा मी पुन्हा त्या पोरांबरोबर बसलो होतो.” हे वाक्य सोबत्याने ऐकले की न्यायालयाच्या डोळ्याने? कळविले तर विश्वास तुटतो. न कळविले तर ज्या न्यायाधीशाने याच्या भरवशावर तुरुंगाचे दार बंद ठेवले, त्याचा विश्वासघात होतो. वकिलाची गोष्ट सोपी आहे. पक्षकाराने आम्हांस सांगितलेले आम्ही पोटात ठेवतो, आणि कायदाच आम्हांस तसे करण्यास सांगतो. या अधिकाऱ्यास तो आडोसा नाही.

देखरेखीच्या बाजूस तोल गेला म्हणजे काय होते, हे आमच्या मुलखास निराळे सांगावयास नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच संशयित ठरविली, त्यांना हजेरी लावली. सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि तिचे ‘सेटलमेंट’ हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ज्यांचे आजे-पणजे हजेरीस जात असत, त्यांच्या वस्तीत हा नवा अधिकारी वही घेऊन शिरला, तर ती वही त्यांना कोणती वाटेल? त्याने कितीही गोड बोलावे. पंधरवड्यास कार्यालयात येऊन अंगठा उठविणे एवढेच परिवीक्षेचे रूप झाले, तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा अंदाज खरा ठरेल.

दुसरी अडचण घराची. कायदा म्हणतो, अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे न्यायालयाच्या हद्दीत, अथवा मुचलक्याच्या मुदतीत तो जेथे राहण्याचा संभव आहे तेथे, कायम राहते घर किंवा नियमित काम असले पाहिजे. बिदर आणि कलबुर्गीच्या तांड्यांवरून नि कोरडवाहू गावांतून कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. कोणी उसाच्या तोडीवर, कोणी हैदराबाद, पुणे, मुंबईकडे बांधकामावर. अधिकारी चौकशीस जातो तो दारास कुलूप. शेजारी सांगतात, उन्हाळ्यात येतील. ‘घर बंद आढळले, कुटुंबाचा ठावठिकाणा नाही’ असे दोन ओळींत लिहून मोकळे होता येते, आणि त्या दोन ओळींनी एका मुलाची सुटका अडते. पण ‘जेथे राहण्याचा संभव आहे’ हे शब्द कायद्यात उगाच घातलेले नाहीत. मुकादमाचे नाव काढून, कारखाना विचारून, तोडीच्या फडावरचे बिऱ्हाड शोधणे हाही तपासच आहे. जे हे करीत नाहीत ते अप्रामाणिक असतात असे नव्हे. पण त्यांच्या हातून परिवीक्षेचा लाभ दगडी वाड्यात राहणाऱ्याच्या मुलासच मिळत राहतो.

भाषेचेही तसेच. 1948 पर्यंत निजामाच्या अमलात असलेला हा मुलूख 1956 साली भाषावार रचनेत म्हैसूर राज्यात गेला, पण गल्लीतली बोली राज्याच्या सीमा पाहून बदलत नाही. आई मराठीत रडते, शेजारी दखनीत साक्ष देतो, तांड्यावर गोरमाटी चालते, अहवाल कन्नडमध्ये लिहावयाचा आणि आधार इंग्रजी कायद्याचा. ‘पोरगं हाताबाहेर गेलंय’ असे आई वैतागून म्हणते, ते भाषांतर होऊन ‘पालकांच्या नियंत्रणात नाही’ असे कागदावर उतरते, आणि आईचा वैताग मुलाविरुद्ध पुरावा ठरतो. अहवाल गोपनीय मानला जातो; न्यायालयाने मनात आणले तरच त्याचा मथितार्थ अपराध्यास कळतो. म्हणून लिहिणाऱ्याने एकेक शब्द जपून लिहावा लागतो.

या मासिकाचे वाचक बहुतेक देवस्थानांशी बांधलेले आहेत, म्हणून एक प्रश्न त्यांनाही. समजा, आपल्या देवळाची दानपेटी एका सतरा वर्षांच्या मुलाने फोडली. परिवीक्षा अधिकारी विश्वस्तांकडे येऊन मुलाच्या वागणुकीविषयी विचारू लागला, तर आपण काय सांगू? देवाचे धन चोरले, यास दया कसली, हा पहिला विचार स्वाभाविक आहे, आणि तो तुच्छ मानण्याचे कारण नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे पाठ फिरविणारी दया अन्यायच होय. कायद्यानेही नुकसानभरपाई देवविण्याची तरतूद ठेवली आहे. पण ज्या बिदरच्या दरबारात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा जाब मागितला गेला, तेथे विठू महार होऊन विठोबाने भरणा केला, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. दामाजीपंतांनी सरकारी कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटले होते. आपल्या मुलाने पेटी स्वतःसाठी फोडली, हा फरक मोठा आहे. तरीही त्याच्यासाठी कोणी जामीनदार उभा राहत नाही तेव्हा देवस्थानाने त्यास झाडलोटीचे, बागेचे काम देऊ केले, तर अधिकाऱ्याच्या अहवालात एक भरीव ओळ येते. आम्ही विश्वस्तांवर हे कर्तव्य म्हणून लादत नाही. विचारले जाईल तेव्हा उत्तर तयार असावे, इतकेच.

आता सोबती आणि डोळा यांच्या भांडणाकडे परत येऊ. आमच्या मते त्याचा निम्मा भाग पहिल्याच भेटीत मिटविता येतो. मुलाला त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे: तू सांगशील ते ऐकेन, आणि अटीविरुद्ध दिसेल ते लिहीनही. हे सांगितल्याने तो काही गोष्टी सांगणार नाही, हे खरे. पण जे सांगेल ते फसवून काढलेले नसेल. उरलेला निम्मा भाग कायद्याच्या आठव्या कलमात आहे, आणि ते कलम वकीलही क्वचितच उघडतात. परिवीक्षा अधिकाऱ्याने अर्ज केल्यास न्यायालय मुचलक्याच्या अटी बदलू शकते, मुदत कमी-जास्त करू शकते, आणि देखरेखीची गरज उरली नाही असे पटल्यास मुचलकाच रद्द करू शकते. म्हणजे गप्प राहणे आणि तक्रार करणे यांमध्ये तिसरा मार्ग आहे. कुटुंब तोडीवर निघणार असे भाद्रपदातच कळले, तर मुलगा अट मोडून नाहीसा होण्याची वाट पाहावयाची नाही; तो गावात असतानाच राहण्याच्या ठिकाणाची अट बदलण्याचा अर्ज द्यावयाचा. अट पहिल्यांदा मोडली तर न्यायालय मुचलका कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकते. 1958 चा तो आकडा आजही तसाच आहे. मात्र ते त्याच कलमाखाली मूळ अपराधाची शिक्षाही देऊ शकते. यांपैकी काय व्हावयाचे, ते पुष्कळदा अधिकाऱ्याने अर्ज कोणत्या तारखेस केला होता, किंवा केलाच नव्हता, यावर ठरते.