थांब्यावरचा शेजारी

रस्त्यावरची एस.टी. नाहीशी झाली म्हणजे रस्ता लांबतो. मैलाचे दगड जागचे हललेले नसतात. परंतु ज्याच्या दारात वाहन नाही, त्याला बजाजनगर ते मध्यवर्ती बसस्थानक हे सुमारे पंधरा किलोमीटरांचे अंतर एकाएकी डोंगरासारखे वाटू लागते. ज्याच्या दारात वाहन आहे, त्याला मात्र रस्ता पूर्वीसारखाच, किंबहुना थोडा मोकळाच वाटतो. एकाच रस्त्याची ही दोन मापे आम्ही एका हिवाळ्यात अनुभवली, आणि त्यांतून मनात उभा राहिलेला प्रश्न आजही तेथेच ठाण मांडून बसला आहे. तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. ऐन दिवाळीचे दिवस होते. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, ही मुख्य मागणी होती. तिच्यामागे तुटपुंजा पगार, तोही वेळेवर न मिळणे आणि महामारीच्या काळातील हाल असे पुष्कळ काही साचलेले होते. पाहता पाहता राज्यातील सुमारे अडीचशे आगारे बंद पडली. नव्वद हजारांहून अधिक माणसांच्या या संस्थेतील कितीतरी कर्मचाऱ्यांनी त्या काळात आत्महत्या केल्याच्या वार्ता येत होत्या. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शहर बससेवेवरही एस.टी.चेच चालक-वाहक होते. त्यामुळे तीही थांबली. पुढे माजी सैनिकांच्या हाती स्टिअरिंग देऊन ती हळूहळू सुरू करण्यात आली. परंतु नोव्हेंबरातले ते दिवस बसविना काढावे लागले.

बजाजनगर ही कामगारांची वसाहत. ऐंशीच्या दशकात वाळूजला मोठे कारखाने आले आणि बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून माणसे येथे पोटासाठी आली. त्यांचे कारखाने येथे, परंतु आईवडील गावी, लेक सासरी, शेताचा तुकडा आणखी कोठे. या विखुरलेल्या संसारांना शिवून ठेवणारा दोरा म्हणजे एस.टी. तो तुटला. शासनाने खासगी बसगाड्यांना, एवढेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांच्या टपावर माणसे बसू लागली. अ‍ॅपे रिक्षात चौघांच्या जागी नऊजण कोंबले जाऊ लागले. भाडे विचारायची सोय नव्हती. सांगेल ते द्यायचे. कारखान्यातील कायम कामगाराला कंपनीची बस होती. कंत्राटी कामगाराला ती नव्हती. खेड्यापाड्यांतील मुलींचे तर विचारूच नये. दीड वर्षाच्या खंडानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, आणि ज्या मोफत पासावर त्या मुली शाळेला जात, तो पास हाती असून बसच नव्हती.

आमच्या धर्मग्रामातील दोन घरे या संपात समोरासमोर उभी राहिली. नावे सांगण्याचे कारण नाही. एक घर कंत्राटी कामगाराचे. तो गंगापूरकडच्या एका खेड्यातून रोज कामाला येई. पोहोचायला उशीर झाला की त्याला फाटकातून परत पाठवीत. काम नाही तर दाम नाही. नोव्हेंबरात त्याचे नऊ दिवस बुडाले. दुसरे घर वाहकाचे. तो संपावर होता. त्याच्या घरी पगाराचा एक रुपयाही येत नव्हता आणि निलंबनाचा कागद मात्र आला होता. रविवारच्या मिस्साला ही दोन्ही कुटुंबे येत. पूर्वी ती एकाच बाकावर बसत. आता मध्ये चार बाकांचे अंतर पडले. शांतीचा नमस्कार करण्याची वेळ आली म्हणजे दोघेही विरुद्ध दिशांना वळत. वेदीवरून आम्हांला ते दिसत होते.

दोघेही आमच्याकडे येऊन गेले. पहिला म्हणाला, “फादर, त्यांचं भांडण सरकारशी आहे ना? मग माझी रोजी का जाते?” दुसरा म्हणाला, “फादर, वीस वर्षं मी या लोकांना पोचवलं. आज माझं ऐकायला कुणी तयार नाही.” दोघांच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते. आम्ही दोघांसाठीही प्रार्थना केली आणि दोघांनाही रिकाम्या हाताने परत पाठवले.

संपाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढे वेतन हा न्यायाचा भाग मानला, आणि संप होण्याची कारणेच आधी दूर करावीत, असे राज्यकर्त्यांना सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये संप हा अखेरचा, परंतु प्रसंगी आवश्यक उपाय मानला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये तो कामगारांचा वैध मार्ग म्हणून स्वीकारला. मात्र समाजाच्या अत्यावश्यक सेवा चालू राहिल्या पाहिजेत आणि राजकीय डावपेचांसाठी संपाचा वापर होऊ नये, असेही बजावले. सभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही हेच सूत्र आहे: संपाविना गत्यंतर नसावे, मिळवायचे हित त्या किमतीच्या तोलाचे असावे, हिंसा नसावी.

हे निकष उत्तम आहेत. त्यांच्या आधारे आम्ही एक चांगले प्रवचन तयार केले आणि ते दिलेही. परंतु हे सर्व निकष संप करणाऱ्याने आणि संप ओढवून घेणाऱ्याने स्वतःला विचारायचे आहेत. जो संप करीत नाही आणि ज्याच्यामुळे तो झालेला नाही, त्या तिसऱ्या माणसाचे काय? त्याचे काही कर्तव्य आहे की नाही? हा प्रश्न आम्हांला कोणत्याही ग्रंथाने विचारला नाही. तो विचारला एका म्हातारीने, आणि तोही एक शब्द न बोलता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही धर्मगुरूंच्या बैठकीसाठी छावणीकडे निघालो होतो. धर्मग्रामाची चारचाकी होती आणि आम्ही एकटेच होतो. मागच्या आसनावर धर्मशिक्षणाच्या पुस्तकांचे गठ्ठे होते. पंढरपूरच्या थांब्यावर एक आजी उभी होती. डोक्यावर पदर, काखेत बोचके, हाताशी सात-आठ वर्षांची नात. नातीच्या पायाला पांढरे बँडेज. आजीने हात वर केला. आम्ही तो पाहिला. गाडीचा वेगही थोडा कमी केला. मग मनात एकामागून एक कारणे उभी राहिली: उशीर झाला आहे, गठ्ठे हलवावे लागतील, महामारीचे दिवस आहेत, मागून कोणीतरी येईलच. आम्ही पुढे गेलो.

नगर नाक्यापर्यंत ती कारणे टिकली. नंतर येरीहोच्या वाटेवरची ती गोष्ट आठवली. लुटला गेलेला माणूस वाटेत पडला आहे, आणि त्याला पाहून पहिल्याने वाट बदलली तो कोण? याजक! तीस वर्षे आम्ही या दाखल्यावर प्रवचने दिली आणि प्रत्येक वेळी त्या याजकाला दोष दिला. त्या सकाळी प्रथमच त्याच्या पायांतल्या वहाणा आम्हांला बरोबर बसल्या. त्यालाही उशीर झाला असेल. त्यालाही वाटले असेल, मागून कोणी येईल.

गाडी वळवून आम्ही पंढरपूरला परत गेलो. थांबा रिकामा होता. त्या दोघी कोणाच्या वाहनाने गेल्या, की दुखऱ्या पायाने चालत गेल्या, ते आम्हांला आजवर कळलेले नाही.

त्या दाखल्यातील आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली, जी इतकी वर्षे नजरेआड राहिली होती. दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. मग तो स्वतः कसा गेला असेल? बहुधा पायी. त्याने केवळ कळवळा दाखवला नाही. आपले वाहन दिले, आपला वेळ दिला, आणि उतारशाळेचे पैसेही स्वतः भरले. लुटारू कोण होते, वाटेवर पहारा का नव्हता, याची चौकशीही व्हायलाच हवी. परंतु त्या चौकशीच्या निकालापर्यंत त्याने जखमी माणसाला वाटेवर पडू दिले नाही.

संपकाळात आपण सुस्थितीतली माणसे नेमके उलट वागतो. आपल्यातील काहीजण संपकऱ्यांना शिव्या देतात, काहीजण त्यांची बाजू घेतात. दोन्ही पक्ष आपापल्या गाडीत बसून हे करतात आणि दोघांच्याही शेजारची आसने रिकामी असतात. मत कोणतेही असो, त्याची किंमत थांब्यावरचा माणूस भरतो. आम्हीही मनाने संपकऱ्यांच्या बाजूचेच होतो. पण त्या आजीला आमच्या मताचा काय उपयोग?

अमेरिकेतील माँटगोमेरी शहराची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. ५ डिसेंबर १९५५ पासून तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. तो कर्मचाऱ्यांचा संप नव्हता, प्रवाशांचा होता. पण रोज कामावर जायचे कसे, हा प्रश्न तोच होता. तो निभावला तो वाहने वाटून घेतल्यामुळे. ज्यांच्या मोटारी होत्या त्यांनी त्या दिल्या, चर्चच्या नावावर गाड्या घेण्यात आल्या, माणसांना गोळा करण्याची ठिकाणे ठरली. हजारो माणसे चाललीही. न्यायाचा लढा आणि शेजाऱ्याला वाहून नेणे ही तेथे दोन कामे नव्हती, एकच होते.

पुढच्या रविवारी आम्ही प्रवचन दिले नाही. आमची चूक भाविकांपुढे सांगितली, आणि कोणाच्या वाहनावर किती जागा रिकामी असते, ते लिहून देण्यास सांगितले. अठरा दुचाकी आणि तीन चारचाकी निघाल्या. फार मोठे काही झाले असे नाही. पाळ्यांच्या वेळा जुळत नसत. परक्या पुरुषाच्या मागे बसण्यास स्त्रिया संकोचत. पेट्रोलचे कोणी द्यायचे, यावरून कुरबुरी झाल्या. तरीही काही माणसांच्या काही रोजी वाचल्या.

तेव्हा तो वाहक आमच्याकडे आला. तो रागावला नव्हता, पण त्याचा चेहरा उतरला होता. “फादर, तुम्ही लोकांना असं नेऊ लागलात, तर आमचा संप कुणाला जाणवणार? थांबे भरले म्हणून तर आमचं नाव पेपरात आलं. एरवी आम्हांला कोण विचारतं?”

या प्रश्नाने आम्हांला निरुत्तर केले. तो खरा होता. गैरसोय झाल्याशिवाय आपण कोणाचेच ऐकत नाही, ही आपल्या समाजाची लाजिरवाणी रीत आहे. ती रीतच संपकऱ्याला थांब्यावरच्या म्हातारीच्या दुःखावर उभे राहण्यास भाग पाडते. पुष्कळ दिवस विचार केल्यावर आम्ही त्याला एवढेच म्हणू शकलो: “बाबा, संपाचा भार, ज्याच्या हाती देणे आहे त्याच्यावर पडावा. जिच्याजवळ देण्यासारखे काही नाही, तिच्यावर पडलेला भार आम्ही उचललाच पाहिजे. परंतु तो उचलून आम्ही गप्प बसलो, तर आम्ही तुझे अपराधी होऊ. मग तुझा आवाज आमच्याच तोंडून निघाला पाहिजे.”

त्यानंतर रिकाम्या जागांची वही ज्या मेजावर असे, त्याच मेजावर धान्याची पेटीही ठेवली गेली. तीतून शिधा दोन्ही घरी जाई, कंत्राटी कामगाराच्या आणि वाहकाच्या; एकाच मापाने. ज्यांना वाहनावर जागा मिळे, त्यांना आम्ही विनंती करीत, की एस.टी. कर्मचाऱ्यांना रास्त वेतन मिळावे या निवेदनावर सही करावी. बहुतेकांनी केली. कंत्राटी कामगाराने प्रथम नकार दिला. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने सही केली. का केली, ते आम्ही विचारले नाही. विलीनीकरण झाले नाही. वेतनवाढ मात्र शासनाने नोव्हेंबरातच जाहीर केली होती. आमच्या निवेदनाने काही घडले असे आम्ही म्हणणार नाही. त्या सह्यांचा उपयोग एवढाच, की त्या करणाऱ्यांनी वाहकाकडे माणूस म्हणून पाहिले.

एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्यास सांगितले. त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण १७ एप्रिलला होता. त्या आठवड्यात वाळूजच्या रस्त्यावर लाल गाड्या पुन्हा दिसू लागल्या. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे महामंडळाचे ब्रीद. ते इतकी वर्षे चालवणारे हात कोणाचे, हे त्या साडेपाच महिन्यांपूर्वी आम्ही कधी मनात आणले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, एस.टी. पुन्हा थांबली, सुदैवाने तो संप दोन दिवसांत मिटला. उद्या पुन्हा थांबणार नाही असे कोणी सांगावे?

म्हणून वाचकहो, चाके फिरत आहेत तोवरच दोन गोष्टी करून ठेवाव्यात असे वाटते. तिकीट घेताना वाहकाच्या तोंडाकडे एकदा पाहावे. त्याच्या घरी चूल पेटते की नाही, याची चौकशी संपाची वाट न पाहता करावी. आणि आपल्या वाहनावर एक जागा रिकामी असेल, तर ती सर्वस्वी आपली नाही, हे ध्यानी असू द्यावे.

पंढरपूरच्या थांब्यावरून जाताना आमच्या गाडीचा वेग आजही कमी होतो. तेथे बहुधा बसची वाट पाहणारी माणसे असतात आणि बस येतही असते. त्या आजीचे देणे मात्र फिटलेले नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे आहे, असे समजून आम्ही मागचे आसन रिकामे ठेवतो. पुस्तकांचे गठ्ठे आता डिकीत जातात.